पेरूची लागवड व त्याचें आहारांतील महत्त्व

पेरूचें झाड ठाऊक नाहीं असा शेतकरी महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. विहिरीच्या थारोळ्याजवळ, परसांत किंवा गोठ्याच्या मागें कोठें तरी एखादें झाड उभें असतेंच. त्यास कोणी खत घालीत नाहीं, कोणी मुद्दाम पाणी देत नाहीं, आणि तरीहि तें दरवर्षीं मुलांची व पोपटांची सोय करतें. अशा न मागतां देणाऱ्या झाडाविषयीं दोन चुकीच्या समजुती रूढ झाल्या आहेत. पहिली ही कीं, पेरूची बाग म्हणजे विनाकष्टाचें पीक. रोपें आणून लावलीं म्हणजे झालें. दुसरी ही कीं, हें गरिबाचें फळ असल्यामुळें त्यांत खाण्यासारखें सत्त्व तें काय असणार! पहिल्या समजुतीनें आमच्या कित्येक बांधवांचें पैशांचें नुकसान झालें आहे, व दुसरीनें त्यांच्या घरांतील मुलाबाळांचें. ह्या दोन्ही नुकसानींना आळा बसावा, एवढ्याचकरितां हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नांव व मूळ :— पेरू हा मूळचा आपल्या देशांतील नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतून तो पोर्तुगीज लोकांबरोबर इकडे आला व येथील हवापाण्याशीं इतका मिसळून गेला कीं, आज त्यास परका म्हणणेंहि विचित्र वाटतें. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशावरून त्याचें नांव पडलें असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस दुसरी उपपत्ति अधिक पटते. पोर्तुगीज भाषेंत नासपतीच्या जातीच्या फळास ‘पेरा’ म्हणतात. गोव्यांत ह्या फळास अजूनहि ‘पेर’ असेंच नांव आहे, व त्याच्या गरापासून साखर घालून आटविलेल्या वड्यांस ‘पेराद’ म्हणतात. फळ ज्या वाटेनें आलें त्याच वाटेनें त्याचें नांवहि आलें असावें. उत्तरेकडे त्यास अमरूद व गुजराथेंत जामफळ म्हणतात.

जाती :— पेरूच्या सुधारणेचें काम प्रथम ज्या ठिकाणीं नेटानें झालें, त्यांत पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबाग संशोधन केंद्राचें नांव अग्रभागीं येतें. अलाहाबाद सफेदा जातीच्या बियांपासून वाढविलेल्या अनेक झाडांतून १९२७ सालीं डॉ. चीमा यांनीं तेथें एक झाड निवडलें. तेंच ‘लखनौ-४९’, व पुढें ‘सरदार’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालेली जात होय. झाड बुटकें व पसरणारें, फळ मोठें व गोल, साल किंचित् खडबडीत, गर पांढरा व गोड, बी त्या मानानें कमी, अशी तिचीं लक्षणें आहेत. शंभर वर्षें होत आलीं तरी महाराष्ट्रांत हिचें स्थान टिकून आहे, यावरून निवड किती डोळसपणें झाली होती हें दिसून येईल. लखनौच्या केंद्रीय संस्थेनें काढलेल्या ‘ललित’ व ‘श्वेता’ ह्या जाती, तसेंच बंगळूरच्या संस्थेच्या ‘अर्क मृदुला’ व ‘अर्क किरण’ ह्या जातीहि चांगल्या आहेत. पैकीं ललित व अर्क किरण यांचा गर गुलाबी असतो, व ज्यांस रस अथवा जेली करणाऱ्या कारखान्यास माल द्यावयाचा आहे त्यांस त्या विशेष उपयोगी पडतात. अलीकडे अर्धा किलोहून मोठें फळ देणाऱ्या जातींचा फार बोलबाला झाला आहे. त्यांचें फळ दिसावयास भव्य व टिकण्यास चांगलें असतें खरें. पण त्यांस विरळणी, फळांवर पिशव्या चढविणें व छाटणी हीं कामें मजुरीनें करून घ्यावीं लागतात. तो खर्च झेपेल कीं नाहीं याचा हिशेब आधीं करावा व मग जात ठरवावी.

रोपांची पारख :— बियांपासून केलेलें झाड आईसारखेंच निघेल याचा भरंवसा नसतो. म्हणून बागेसाठीं कलमेंच घ्यावींत. पावसाळ्यांत गुटी कलम किंवा दाब कलम चांगलें साधतें. पाचर कलमहि आतां सर्रास करितात. हें बहुतेकांस ठाऊक असतें. जें ठाऊक नसतें, त्यानें आम्हांस स्वतःस धडा मिळाला, तो येथें मोकळेपणानें सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं एका रोपवाटिकेंतून कलमें आणून दीड एकरांत लाविलीं. रोपें टवटवीत होतीं, दरहि सवलतीचा मिळाला, म्हणून आम्ही आपल्या चातुर्यावर खूष होतों. दोन वर्षें बाग डोळ्यांत भरण्यासारखी वाढली. तिसऱ्या वर्षीं पानें तांबूस-पिंवळीं पडूं लागलीं. आम्हीं खत वाढविलें, जस्ताची फवारणी केली, पाणी वाढविलें. पण दर पंधरवड्यास चार-पांच झाडें वाळतच राहिलीं. शेवटीं एक झाड मुळासकट उपटून पाहिलें, तों मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठीच गाठी! हा सूत्रकृमींचा उपद्रव होता. हे कृमि डोळ्यांस दिसत नाहींत. ते मुळांत शिरून रस शोषतात, आणि त्यांनीं केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आंत शिरते. ते आमच्या जमिनींत आधीं नव्हते. पिशवींतील मातींतूनच आले होते. सवलतीच्या दरांत आम्हीं रोपांबरोबर रोगहि विकत घेतला, असेंच म्हणावें लागेल.

ह्या जातीचे कृमि गेल्या कांहीं वर्षांत दक्षिणेंतील राज्यांतून व अन्यत्रहि पेरूच्या बागांत पसरले आहेत. एकदां जमिनींत शिरले म्हणजे त्यांचें निर्मूलन जवळजवळ अशक्य होतें. यास्तव रोपें घेतांना पुढील पथ्य पाळावें: विकणाऱ्याच्या समोर दहा-पांच पिशव्या फाडून मुळें पाण्यांत धुऊन पाहावींत. एका जरी रोपाच्या मुळावर गांठ दिसली, तरी त्या वाटिकेंतील एकहि रोप घेऊं नये. विकणारा पिशवी फाडूं देत नसेल, तर तेंच उत्तर समजावें. जेथें उपद्रव आहेच तेथें ओळींमधून झेंडू लावणें, शेणखतांत ट्रायकोडर्मा मुरवून आळ्यांत घालणें व वांगी, टोमॅटो, भेंडी यांसारखीं ह्या कृमींस पोसणारीं आंतरपिकें टाळणें, एवढे उपाय चालू ठेवावे. त्यांनीं उपद्रव आटोक्यांत राहतो. नाहींसा होत नाहीं.

जमीन व लागवड :— पेरू हलक्या मुरमाड जमिनीपासून मध्यम काळीपर्यंत बहुतेक सर्वत्र येतो व थोडासा चोपणपणाहि सोसतो. त्यास न सोसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मुळाशीं सांचलेलें पाणी. भारी काळ्या जमिनींत निचऱ्याचे चर काढल्यावांचून बाग करूं नये. हवा कोरडी व हिंवाळा थंड असेल तेथें फळास गोडी अधिक येते. म्हणूनच राहाता, शिरवळ, दौलताबाद या भागांतील पेरूंनीं नांव मिळविलें.

उन्हाळ्यांत दोन-दोन फूट लांबी, रुंदी व खोलीचे खड्डे खणून तापूं द्यावे. शेणखत, पोयट्याची माती व थोडी निंबोळी पेंड यांनीं भरावे, आणि पहिला पाऊस चांगला झाल्यावर कलमें लावावींत. जुन्या रीतीप्रमाणें सहा-सहा मीटरांवर लाविल्यास एकरीं सुमारें ११० झाडें बसतात. हल्लीं तीन मीटर बाय दोन मीटर अंतरावर दाट लागवड करण्याची पद्धत पुढें आली आहे. तींत एकरीं सुमारें ६७० झाडें येतात व उत्पन्न लौकर सुरू होतें. परंतु ही पद्धत कात्रीवर चालते, हें विसरूं नये. ज्या वर्षीं छाटणी चुकली त्या वर्षीं बागेचें रान होतें, ऊन आंत पोंचत नाहीं व फळें शेंड्यावरच राहतात. मजुरांची वाण असलेल्या गांवीं जुनें अंतर अथवा मधलें अंतर बरें.

छाटणीचें कारणहि समजून घेतलें पाहिजे. पेरूचें फूल जुन्या लांकडावर येत नाहीं. तें त्याच हंगामांत फुटलेल्या नव्या फुटीवर, पानांच्या बगलेंत येतें. जेवढी नवी निरोगी फूट तेवढा फळास वाव. आंब्याच्या झाडास कात्री लावतांना आपला हात कांपतो. पेरूच्या बाबतींत ती भीति सोडून द्यावी. फळें उतरल्यावर शेंडे छाटावे, आंत गर्दी करणाऱ्या व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या काढाव्या, आणि सरळ उंच जाणाऱ्या फांद्या दोरीनें वाकवून बांधाव्या; वाकविलेल्या फांदीवरील सुप्त डोळे जागे होऊन त्यांतून फूट निघते.

बहार धरणें :— पेरूच्या शेतींतील सर्व यश बहाराच्या निवडींत आहे. आपल्याकडे ह्या झाडास वर्षांतून तीन वेळां फुलें येतात. फेब्रुवारी-मार्चमध्यें येणारा तो आंबे बहार. त्याचीं फळें ऐन पावसाळ्यांत निघतात. जून-जुलैमध्यें येणारा तो मृग बहार. त्याचीं फळें नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत मिळतात. आक्टोबरांत येणारा तो हस्त बहार. त्याचीं फळें उन्हाळ्याच्या तोंडीं येतात. तिन्हीहि बहार घेण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यानें झाडास विश्रांति मिळत नाहीं, फळ लहान राहतें व थोड्याच वर्षांत बाग थकते. एक बहार निवडून तो निष्ठेनें घ्यावा.

आमच्या मतें ज्यास उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई भासते त्यानें मृग बहारच धरावा. आंबे बहाराचें फळ पावसांत तयार होत असल्यामुळें पाणचट होतें, फळमाशीच्या तावडींत सांपडतें व भावहि कमी मिळतो. मृगाचें फळ थंडींत पोसतें. त्यास रंग, गोडी व टिकाऊपणा असतो, क जीवनसत्त्वहि अधिक असतें, आणि पावसाच्याच पाण्यावर त्याची बरीचशी वाढ होऊन जाते.

मृग बहाराची रीत अशी: मार्चपासून बागेचें पाणी तोडावें. हलक्या जमिनींत महिना-सवा महिन्याचा ताण पुरतो. भारी जमिनीस दोन महिने लागतात. पानें मलूल होऊन पिंवळीं पडूं लागलीं व बरींचशीं गळालीं, म्हणजे ताण बसला असें समजावें. ताणाच्या काळांत झाड वाढ थांबवितें व अन्नाचा सांठा फांद्यांत करून ठेवतें; पाणी मिळतांच तो सांठा नव्या फुटींत व फुलांत उतरतो. मेच्या अखेरीस हलकी चाळणी करून आळीं बांधावींत, खत द्यावें व पाऊस पडतांच, अथवा तो लांबल्यास विहिरीचें बेताचें पाणी देऊन ताण तोडावा. पहिलें पाणी हलकें, दुसरें त्याहून थोडें अधिक व तिसरें भरपूर, हा क्रम मोडूं नये. एकदम भरपूर पाणी दिल्यास फुलांऐवजीं पालाच फुटतो. वळवाच्या पावसानें ताण मध्येंच मोडण्याची भीति असते. तेवढ्यासाठीं आळीं मोडून, पाणी साचणार नाहीं अशी जमीन सपाट ठेवावी. तीन वर्षांच्या आंतील झाडांस मात्र ताण देऊं नये व त्यांचीं फुलें खुडून टाकावींत.

खत :— सहा वर्षांवरील पूर्ण वाढलेल्या झाडास चाळीस ते पन्नास किलो शेणखत व त्याशिवाय नत्र ९०० ग्रॅम, स्फुरद ३०० ग्रॅम आणि पालाश ३०० ग्रॅम द्यावें, अशी आपल्याकडील शिफारस आहे. बाजारांतील खतांच्या भाषेंत सांगावयाचें तर युरिया सुमारें दोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट सुमारें एक किलो नऊशें ग्रॅम व म्युरेट ऑफ पोटॅश अर्धा किलो. पैकीं अर्धा युरिया व बाकीचीं सर्व खतें ताण तोडतांना, आणि उरलेला युरिया फळें वाटाण्याएवढीं झाल्यावर द्यावा. खत बुंध्याशीं न टाकतां फांद्यांच्या घेराखालीं वर्तुळाकार चर काढून त्यांत मिसळावें. कारण अन्न घेणारीं मुळें तेथें असतात. हें प्रमाण जुन्या अंतरावरील मोठ्या झाडाचें आहे. दाट लागवडींतील लहान झाडास तें लागू करूं नये. शक्य असेल त्यानें मातीची तपासणी करून प्रमाण ठरवावें.

फळमाशी :— वरून निर्दोष दिसणारा पेरू फोडावा आणि आंत अळ्या वळवळतांना दिसाव्या, हा अनुभव प्रत्येकास आहे. ही माशी पिकूं लागलेल्या फळाच्या सालीखालीं अंडीं घालते. अळ्या गर खातात, फळ गळतें, व अळ्या मातींत शिरून कोष करितात. कांहीं दिवसांनीं त्यांतून नव्या माशा निघून पुढच्या फळांवर बसतात. हें चक्र ध्यानांत घेतलें म्हणजे उपायहि सुचतो. गळलेलें फळ बागेंत पडूं देणें म्हणजे माशीचें बियाणें पेरणें होय. रोज सकाळीं पडकीं फळें वेंचून दोन फूट खोल पुरावींत. बागेंत मधून मधून चाळणी करावी, म्हणजे कोष उघडे पडून उन्हानें व पक्ष्यांमुळें नाश पावतात. मिथाइल युजेनॉलचे सापळे एकरीं चार-पांच टांगावेत. ह्या सापळ्यांत नर माशाच सांपडतात. नर नाहींसे झाले म्हणजे माद्यांचीं अंडीं फलत नाहींत. पण माशी बांध ओळखीत नाहीं. आपल्या बागेंत सापळे आहेत व शेजारच्या बागेंत सडकीं फळें पडलीं आहेत, अशा स्थितींत आपला खर्च व्यर्थ जातो. हें काम गांवानें एकाच वेळीं करावयाचें आहे, आणि अशा कामांसाठींच सहकारी मंडळ्या असतात.

काढणी :— फूल आल्यापासून साधारण साडेचार-पांच महिन्यांनीं फळ तयार होतें. गर्द हिरवा रंग जाऊन पोपटी-पिंवळट छटा आली कीं फळ देंठासह सकाळच्या वेळीं खुडावें. झाडावर पूर्ण पिकूं देऊं नये. पिकलेला पेरू दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाहीं. लहान, मध्यम व मोठीं अशी वर्गवारी करूनच माल पाठवावा. वर मोठीं व खालीं लहान फळें भरण्याची युक्ति एकदांच फळते. पुढच्या खेपेस अडत्या सर्वच पाट्यांस खालच्या फळांचा भाव लावतो.

आहारांतील महत्त्व :— आतां दुसऱ्या समजुतीकडे वळूं. शंभर ग्रॅम पेरूंत क जीवनसत्त्व दोनशें मिलिग्रॅमहून अधिक असतें. तेवढ्याच संत्र्यांत तें पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास भरतें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविल्याप्रमाणें प्रौढ पुरुषास दिवसास ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅमची गरज असते. म्हणजे एका मध्यम पेरूंत पति-पत्नी दोघांचीहि दिवसाची गरज भागून शिल्लक राहते! जखम भरून येणें, हिरड्या मजबूत राहणें, शरीराची प्रतिकारशक्ति टिकणें, या सर्वांस हें सत्त्व लागतें. शिवाय पेरूंत सुमारें पांच ग्रॅम चोथा असतो. त्यानें कोठा साफ राहतो. गुलाबी गराच्या पेरूंत टोमॅटोला लाल रंग देणारें लायकोपिनहि पुष्कळ असतें.

परंतु सर्वांत महत्त्वाचा उपयोग वेगळाच आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतील लोह शरीरांत सहजासहजीं शोषलें जात नाहीं; त्याच जेवणांत क जीवनसत्त्व असलें म्हणजे तें पुष्कळ अधिक शोषलें जातें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं शंभरांत ५७ स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी आढळलें. त्यांत पेरू पिकविणाऱ्या घरांतील स्त्रियाहि असणारच. बाजरीची भाकरी व मेथीची भाजी त्या खातात. वर लागलीच चहा घेतात, ज्यानें लोह वायां जातें. त्या चहाऐवजीं जेवणासोबत अर्धा पेरू खाल्ला, तर तीच भाकरी अधिक अंगीं लागेल. अशक्तपणा फार असेल तर मात्र डॉक्टरांचें औषध घेतलेंच पाहिजे. पेरू हा औषधाचा साथी आहे, औषध नव्हे.

पेरूनें सर्दी होते, असें घरोघर सांगतात. थंडींत पेरू येतात व थंडींतच सर्दी होते, एवढाच काय तो संबंध आम्हांस दिसतो. अर्धाकच्चा तुरट पेरू पुष्कळ खाल्ल्यास पोट जड होतें, हें मात्र खरें. साल काढूं नये, कारण सत्त्व सालीजवळच्या गरांत अधिक असतें. जेली, पेराद हे पदार्थ रुचकर खरे. पण शिजवितांना हें जीवनसत्त्व बरेंचसें नष्ट होतें व साखर भरपूर पडते. ते चैनीसाठीं करावे. पोषणासाठीं ताजें फळच खावें.

शेवटीं एक विनंति. उत्तम माल पेठेंत जातो, मध्यम माल गांवच्या बाजारांत जातो, आणि घरांत येतीं तीं पोपटानें टोंचलेलीं फळें. हा रिवाज आपण सर्वांनीं पाळला आहे, आम्हींहि पाळला. आमची ती बाग गेल्यावर परसांतील जुनें झाड तेवढें राहिलें, आणि त्याचीं फळें विकण्याजोगीं नसल्यामुळें तीं प्रथमच घरांतल्यांच्या वांट्यास आलीं. नवी बाग आम्हीं पुन्हां लाविली आहे, ह्या खेपेस प्रत्येक पिशवी तपासून. मात्र तींतील बांधालगतचीं चार झाडें बाजारासाठीं नाहींत, असें आधींच ठरविलें आहे. आमच्या वाचकांनींहि आपल्या बागेंत अशीं चार झाडें राखून ठेवावींत. त्यांचा हिशेब वहींत दिसणार नाहीं. तो घरांतील माणसांच्या चेहऱ्यावर दिसेल.